मनमिळाऊ टिटवी

पहाटे साडेचारला कॅम्पातल्या चर्चपाशी
परशराम मास्तर आधीच येऊन उभे,
माकडटोपी, गळ्यात दुर्बीण, हातात कुंद्याचा डबा.
"पाहुण्याकडं रिकाम्या हातानं जाऊ नये की."

पाहुणी म्हणजे टिटवी.
आपली नव्हे. आपली तर दळणाला गेलं तरी भेटते,
रात्री घरावरून ओरडत गेली
की आई उठून मीठ-मोहरी शोधायची.
ही लांबची. उत्तरेच्या गवताळ मुलखात जन्मलेली,
कुठल्याशा वाऱ्यात थवा हातचा सुटून
हुक्केरीच्या अलीकडं उतरलेली.
पुस्तकात तिचं नाव मनमिळाऊ टिटवी.
आणि आलीय एकटी.

अंगडी डॉक्टरणीची जुनी मारुती. काच खाली येत नाही,
आली तर वर जात नाही.
वंटमुरीच्या घाटात उसाचे ट्रॅक्टर,
कानडी गाणी धुक्यात पुढं, दिवे मागं.
एरवी मास्तर वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचतात,
दोन्ही लिप्या, आणि वळण चुकलेल्या अक्षराला शिव्या.
चाळीस वर्षं ड्रॉईंग शिकवलं, सवय जात नाही.
आज गप्प होते.
यमकनमर्डी गेल्यावर एवढंच म्हणाले,
"हल्ली रंग पातळ वापरतात. अक्षरं उठत नाहीत."

हिडकलचं पाणी मागं सरलंय.
त्यानं सोडलेल्या काळ्या जमिनीत कुणीकुणी हरभरा टाकलाय,
दवानं पानं आंबट, बूट ओले, बोटं माझी नाहीत असं वाटणारी थंडी.
सात. साडेसात. आठ.
टिटव्या मोजल्या : एकोणीस, सगळ्या घरच्या.
डॉक्टरीण म्हणाली, गेली असेल.
पाहुणा आहे, सांगून थोडाच जातो.

मग मेंढरांमागून लगमण्णा आला.
घोंगड्यातून फक्त नाक बाहेर.
अर्धं कानडी, अर्धं मराठी, मधे बिडी :
"ती होय? आठ दिस झालं हाय की.
आमच्या टिटवीचं पाय हळदीचं, हिचं काजळीचं.
मला वाटलं आजारी हाय.
ह्या तिला हाकलत न्हाईत, खरं जवळबी घेत न्हाईत."
आणि काठीनं दाखवलं : "अल्लि."

तिथं होती.
मातीच्या रंगाची, डोक्यावर काळसर टोपी,
भुवईची पांढरी रेघ मागं मानेपर्यंत ओढलेली,
चार पावलं धावायची, थांबायची,
काहीतरी आठवल्यासारखी.

मी तिपाई लावली, दुर्बीण नेमकी धरली,
बाजूला झालो. आधी मास्तर.
ते वाकले. बराच वेळ वाकलेले.
"दिसली?"
"दिसली, दिसली. वा. काय भुवई आहे!"
आवाज भरून आलेला.

मग मी डोळा लावला.
भिंगात एक ढेकूळ, त्याला तिरकी भेग,
शेजारी शाळूचं वाळकं धसकट.
टिटवी केव्हाच दोन हात डावीकडं सरकलेली.
मी दुर्बीण डावीकडं फिरवली,
पुन्हा बोलवावं म्हणून तोंड उघडलं,
तर मास्तर लगमण्णाला कुंदा वाढत होते,
त्याच्या हातापासून बोटभर बाजूला,
आणि लगमण्णा काही न बोलता
हात सरकवून डब्याखाली आणत होता.

परतीला मागच्या सीटवर त्यांनी वही काढली.
खड्ड्यांतूनही रेघ हलत नव्हती.
संकेश्वरच्या फाट्यावर वही माझ्यापुढं धरली.
ढेकूळ. तिरकी भेग, अगदी तीच.
धसकटाची मोडलेली मान.
डावीकडं, दोन हातांवर, कागद कोरा.

"आणि टिटवी?" डॉक्टरणीनं आरशातून विचारलं.

"ती हलत होती," मास्तर म्हणाले,
आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवून
बेळगाव येईपर्यंत बसले.